प्रगत मूत्रपिंड-कर्करोगाच्या औषधांची तुलना करताना: रुग्ण व कुटुंबीयांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत, हाडांत किंवा शरीरात अन्यत्र पसरला आहे असे निदान झाले की पहिल्या भेटीतच निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, कॅबोझँटिनिब, ॲक्सिटिनिब अशी अनोळखी नावे कानांवर पडतात, आणि घरातील प्रत्येक जण त्यांतले सर्वांत चांगले औषध कोणते ते शोधू लागतो. आमच्या घरी हा आजार आला तेव्हा औषधांच्या चाचण्यांचे अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे होते. त्या वाचनातून झालेले माझे मत स्पष्टच सांगतो. आज पहिल्या टप्प्यात वापरल्या जाणाऱ्या औषध-जोड्यांना ज्या चाचण्यांच्या आधारे मान्यता मिळाली, त्या सगळ्यांत तुलना सुनिटिनिब या जुन्या गोळीशी होती, एका जोडीची दुसऱ्या जोडीशी नव्हे. त्यामुळे ‘सर्वांत चांगले’ असा क्रम लावण्यासाठी लागणारी माहितीच त्या आकड्यांत नाही. आपल्या रुग्णाला काय जुळते, एवढे मात्र त्यांतून बऱ्यापैकी कळते. ते कसे शोधावे, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. औषध ठरवणे हे कर्करोगतज्ज्ञांचेच काम आहे. त्यांच्याशी बोलताना आपल्याला नेमके प्रश्न विचारता यावेत, यासाठी ही तयारी आहे.

१. पॅथॉलॉजीचा अहवाल शेवटपर्यंत वाचा

मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात, आणि मोठ्या चाचण्यांचे जे आकडे सगळीकडे दिले जातात ते जवळपास सर्व याच प्रकारच्या रुग्णांचे असतात. अहवालात ‘पॅपिलरी’, ‘क्रोमोफोब’, ‘कलेक्टिंग डक्ट’ किंवा ‘मेड्युलरी’ असा शब्द असेल, तर ते आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पॅपिलरी प्रकारात कॅबोझँटिनिब आणि सुनिटिनिब यांची थेट तुलना झालेली आहे. तीत आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यांक (निम्म्या रुग्णांत काळ याहून कमी आणि निम्म्यांत जास्त, असा मधला आकडा) कॅबोझँटिनिबवर ९.० महिने आणि सुनिटिनिबवर ५.६ महिने होता. कलेक्टिंग डक्ट आणि मेड्युलरी हे दुर्मीळ प्रकार असून त्यांत प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीचा विचार होतो, जी क्लिअर सेल प्रकारात सहसा उपयोगी पडत नाही.

‘सार्कोमॅटॉइड’ हा शब्द दिसला तर त्यावर खूण करून ठेवा. पेशींचे हे रूप आक्रमक आजाराचे लक्षण मानले जाते, पण अशाच रुग्णांत इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारी औषधे) असलेल्या जोड्यांनी सुनिटिनिबपेक्षा ठळकपणे चांगला परिणाम दाखवला आहे.

येथे एक सापळा आहे. मूत्रपिंडातून मूत्र जिथे गोळा होते त्या पोकळीच्या अस्तरालाही कर्करोग होतो. त्याला ‘युरोथेलियल’ म्हणतात. बोलताना त्यालाही किडनीचा कॅन्सरच म्हटले जाते, परंतु त्याचे उपचार मूत्राशयाच्या कर्करोगाच्या उपचारांशी मिळतेजुळते असतात आणि या लेखातील काहीही त्याला लागू होत नाही.

२. कागदपत्रांची एकच फाइल तयार करा

दुसरे मत घ्यायचे नसले तरी ही फाइल हवीच, कारण पुढच्या टप्प्यातील जोखीम-गट तिच्यातूनच ठरतो.

- पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल, तसेच ऊतीचे ब्लॉक आणि स्लाइड कोठे जपून ठेवले आहेत याची नोंद.
- छाती, पोट व ओटीपोटाचा सीटी स्कॅन. अहवालाच्या कागदाबरोबर मूळ प्रतिमांची प्रतही. मेंदूचा एमआरआय किंवा हाडांचा स्कॅन झाला असल्यास तोही.
- रक्ततपासण्या: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, प्लेटलेट, कॅल्शियम व अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड.
- लघवीतील प्रथिनांची तपासणी, घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी, हृदयाच्या तपासण्या.
- सध्याच्या सर्व औषधांची यादी. आम्लपित्ताच्या गोळ्या, जीवनसत्त्वे आणि वनौषधी बहुतेक जण या यादीतून गाळतात. त्या जरूर लिहा.
- संधिवात, सोरायसिस, आतड्यांचा दाह यांसारखे प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार, अवयव-प्रत्यारोपण आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड यांचा इतिहास.
- निदानाची, शस्त्रक्रियेची आणि आजार पसरल्याचे प्रथम दिसल्याची तारीख.

३. जोखीम-गट काढा

जोखीम-गट म्हणजे आजार पुढे कसा वागेल याचा ढोबळ अंदाज. त्यासाठीच्या ‘आयएमडीसी’ नावाच्या पद्धतीत सहा प्रश्न असतात: रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता कार्नोफ्स्की मापाने ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे का, निदानापासून औषधोपचार सुरू करण्यापर्यंत एक वर्षाहून कमी काळ गेला आहे का, हिमोग्लोबिन सामान्य मर्यादेखाली आहे का, अल्ब्युमिननुसार दुरुस्त केलेले कॅल्शियम सामान्यापेक्षा जास्त आहे का, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जास्त आहेत का, प्लेटलेट जास्त आहेत का. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ नसेल तर गट अनुकूल, एक किंवा दोन ‘हो’ असतील तर मध्यम, आणि तीन किंवा अधिक असतील तर प्रतिकूल.

आजार पसरलेल्या अवस्थेतच निदान झाले आणि लगेच उपचार सुरू करायचे असतील तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप ‘हो’ होते, म्हणजे असा रुग्ण अनुकूल गटात बसत नाही. ‘प्रतिकूल’ या शब्दाने घाबरून जाऊ नये. ही पद्धत २००९ मध्ये मांडली गेली ती रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या माहितीवरून, आणि मध्यम व प्रतिकूल गटांतच नव्या इम्युनोथेरपीचा लाभ सर्वांत स्पष्ट दिसला आहे.

४. औषधांची कुळे ओळखा

नावे पाठ करण्यापेक्षा औषध कोणत्या कुळातले आहे हे कळणे अधिक उपयोगाचे असते.

पहिले कूळ रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्यांचे. क्लिअर सेल कर्करोगात बहुतेक वेळा ‘व्हीएचएल’ हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे ‘एचआयएफ’ नावाचे प्रथिन साठत जाते आणि ते ‘व्हीईजीएफ’ या संदेशाद्वारे गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, लेनव्हॅटिनिब आणि टिव्होझॅनिब हा संदेश अडवतात. अखेरीस ‘-निब’ असलेले नाव या आजारात याच कुळाचे समजावे.

दुसरे कूळ इम्युनोथेरपीचे. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, ॲव्हेलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही औषधे सामान्यतः शिरेतून दिली जातात. कर्करोगाने प्रतिकारपेशींना लावलेला ब्रेक ती सोडवतात; गाठीवर थेट घाव घालत नाहीत.

तिसरे कूळ एव्हरोलिमस आणि टेमसिरोलिमस यांचे. त्यांचे महत्त्व आता घटले आहे, तरी जुन्या चाचण्यांत एव्हरोलिमस तुलनेचे औषध म्हणून वारंवार भेटते. बेल्झुटिफॅन हे नवे औषध स्वतः एचआयएफवरच काम करते. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याला आधीचे उपचार घेतलेल्या प्रगत रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

पहिल्या टप्प्यात आज मुख्यतः दोन धर्तीच्या जोड्या दिल्या जातात: इम्युनोथेरपीची दोन औषधे एकत्र, म्हणजे इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब, किंवा इम्युनोथेरपीचे एक औषध आणि एक गोळी, जसे पेम्ब्रोलिझुमॅब-ॲक्सिटिनिब, निवोलुमॅब-कॅबोझँटिनिब, पेम्ब्रोलिझुमॅब-लेनव्हॅटिनिब. मजकूर शोधताना प्रकाशनाचे वर्ष आधी पाहा. इपिलिमुमॅब-निवोलुमॅब जोडीला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २०१८ मध्ये. त्यापूर्वी लिहिलेला लेख कितीही नेटका असला तरी तो वेगळ्या काळातील आहे.

५. चाचण्यांचे आकडे एकाखाली एक मांडू नका

बहुतेक वाचक याच टप्प्यावर फसतात, म्हणून येथे थोडे थांबू.

आजार न वाढता गेलेल्या काळाचे मध्यांक असे आहेत: पेम्ब्रोलिझुमॅब-ॲक्सिटिनिब १५.१ महिने, निवोलुमॅब-कॅबोझँटिनिब १६.६ महिने, पेम्ब्रोलिझुमॅब-लेनव्हॅटिनिब २३.९ महिने, आणि इपिलिमुमॅब-निवोलुमॅब, मध्यम व प्रतिकूल गटांत, ११.६ महिने. हे चार आकडे एवढेच पाहिले तर क्रम लावून वाचक मोकळा होईल. पण त्याच चाचण्यांतील सुनिटिनिबचे आकडे पाहा: अनुक्रमे ११.१, ८.३, ९.२ आणि ८.४ महिने. गोळी एकच, मग तिचा परिणाम एका चाचणीत ८.३ आणि दुसरीत ११.१ महिने कसा? रुग्णांची निवड वेगळी, जोखीम-गटांचे प्रमाण वेगळे, पाठपुरावा वेगळा. सुनिटिनिबच्याच आकड्यात एवढा फरक पडतो, तर दोन वेगळ्या चाचण्यांतील दोन जोड्यांमधला दीड महिन्याचा फरक औषधाचा की रुग्णांचा, हे सांगता येत नाही. सांख्यिकीतज्ज्ञ सुनिटिनिबला समान दुवा मानून अप्रत्यक्ष तुलना करतात. ती उपयोगी असते, पण थेट चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काय मोजले आहे. आजार न वाढता गेलेला काळ आणि एकूण जगण्याचा काळ यांची दिशा नेहमी एकच नसते. गोळ्या घेऊन झालेल्या रुग्णांत निवोलुमॅबची तुलना एव्हरोलिमसशी केली तेव्हा पहिल्या मापात फरक जवळजवळ नव्हता, ४.६ विरुद्ध ४.४ महिने, जगण्याच्या काळात मात्र २५.० विरुद्ध १९.६ महिने असा फरक पडला. केवळ पहिले माप पाहणाऱ्याने हे औषध बाजूला टाकले असते.

मध्यांकही एकट्याने पुरत नाही. बेल्झुटिफॅन आणि एव्हरोलिमसच्या तुलनेत आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यांक दोन्हीकडे ५.६ महिने होता. तरीही १८ महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण बेल्झुटिफॅनवर २४ टक्के आणि एव्हरोलिमसवर सुमारे ८ टक्के होते, कारण दोन आलेख मध्याजवळ एकमेकांना भिडून नंतर दूर गेले. म्हणून आलेखाची उजवीकडची शेपटी पाहण्याची सवय लावून घ्यावी. इपिलिमुमॅब-निवोलुमॅब जोडीचे बळ तिथेच आहे: आजार न वाढता गेलेल्या काळाचा तिचा मध्यांक लहान असला, तरी ज्यांना ती लागू पडते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, सर्व जोखीम-गट मिळून, जगण्याच्या काळाचा मध्यांक या जोडीवर ५२.७ महिने आणि सुनिटिनिबवर ३७.८ महिने होता.

तिसरे म्हणजे पाठपुराव्याचा काळ. ‘हॅझार्ड रेशो’ हा आकडा एकापेक्षा जितका कमी, तितका नव्या उपचाराने धोका कमी. पेम्ब्रोलिझुमॅब-ॲक्सिटिनिब जोडीसाठी मृत्यूच्या बाबतीत हा आकडा पहिल्या अहवालात ०.५३ होता आणि अंतिम अहवालात ०.८४ झाला. औषध बिघडले नाही; सुनिटिनिब गटातील अनेकांना नंतर इम्युनोथेरपी मिळाली आणि सुरुवातीचे अंतर कमी होत गेले. पेम्ब्रोलिझुमॅब-लेनव्हॅटिनिबच्या बाबतीतही तो ०.६६ वरून ०.७९ वर आला. तेव्हा एका औषधाचा पहिला अहवाल आणि दुसऱ्याचा पाचव्या वर्षाचा अहवाल शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे म्हणजे एकाचा बालपणीचा आणि दुसऱ्याचा म्हातारपणीचा फोटो पाहून उंची ठरवण्यासारखे आहे.

६. आकडे आपल्या रुग्णाच्या गटाकडे वळवा

मध्यम किंवा प्रतिकूल गटात चारही जोड्यांना जागा आहे, आणि निवड बहुतेकदा एका प्रश्नावर येऊन थांबते: गाठी लवकर लहान होणे गरजेचे आहे का? श्वास लागतो आहे, तीव्र वेदना आहेत किंवा एखादा अवयव दाबला जातो आहे, अशा वेळी गोळी असलेल्या जोडीकडे कल असतो. पेम्ब्रोलिझुमॅब-लेनव्हॅटिनिबच्या चाचणीत ७१ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या आणि ज्यांचा आजार पहिल्यापासूनच वाढत गेला असे रुग्ण सुमारे ५ टक्के होते. इपिलिमुमॅब-निवोलुमॅबच्या चाचणीत मध्यम व प्रतिकूल गटांत हे आकडे ४२ आणि सुमारे २० टक्के होते. चाचण्या वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवूनही एवढा मोठा फरक दुर्लक्षित करता येत नाही. उलट लक्षणे सौम्य असतील, थोडी वाट पाहता येत असेल आणि रोजच्या गोळीशिवाय दीर्घकाळ राहण्याची शक्यता मोलाची वाटत असेल, तर इम्युनोथेरपीच्या जोडीचा आग्रह धरण्यात अर्थ आहे.

अनुकूल गटात चित्र बदलते. तिथे इपिलिमुमॅब-निवोलुमॅबपेक्षा सुनिटिनिबने सुरुवातीला अधिक रुग्णांच्या गाठी लहान केल्या होत्या, ५२ विरुद्ध २९ टक्के. गोळी असलेल्या जोड्यांनी या गटातही गाठी अधिक लहान केल्या, पण सुनिटिनिबपेक्षा आयुष्य वाढल्याचे त्यांत स्पष्टपणे दिसलेले नाही. ज्यांचा आजार थोडा आहे आणि संथपणे वाढतो, अशा निवडक रुग्णांत नियमित स्कॅन करत औषध लांबणीवर टाकणे हाही मान्य पर्याय आहे. डॉक्टरांनी तो सुचवला तर त्यांनी आशा सोडली, असा अर्थ कृपया काढू नये.

प्रत्यारोपित अवयव असलेल्या किंवा प्रतिकारशक्तीचा आजार तीव्र असलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपी धोक्याची ठरू शकते. तिथे एकटी गोळी हा दुय्यम दर्जाचा उपचार मानू नये. मूत्रपिंड आधी काढावे का, हा प्रश्नही याच वेळी विचारावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मध्यम व प्रतिकूल गटांतील रुग्णांत शस्त्रक्रिया करून नंतर सुनिटिनिब देण्यापेक्षा नुसते सुनिटिनिब देणे कमी पडले नाही. ‘आधी शस्त्रक्रिया, मग औषध’ हा नियम तेव्हापासून सरसकट राहिलेला नाही.

७. दुष्परिणामांची तुलना टक्केवारीने नव्हे, दिनक्रमाने करा

अहवालांत तीव्र दुष्परिणामांची टक्केवारी ठळकपणे दिलेली असते. परंतु दिवसातून तीन-चार वेळा होणारे जुलाब ‘सौम्य’ या रकान्यात जातात, आणि तेच वर्षभर चालले तर माणूस घराबाहेर पडेनासा होतो. सुनिटिनिब आणि पॅझोपॅनिब यांची परिणामकारकता एका मोठ्या थेट चाचणीत जवळपास सारखीच ठरली. मग दुसऱ्या एका चाचणीत रुग्णांना, नाव न कळता, दोन्ही औषधे एकामागून एक देऊन पसंती विचारली. ७० टक्क्यांनी पॅझोपॅनिब निवडले आणि २२ टक्क्यांनी सुनिटिनिब. थकवा आणि जगण्याची गुणवत्ता ही पसंतीची मुख्य कारणे होती. अशा चाचण्या फार थोड्या होतात, याची खंत वाटते.

गोळ्यांमुळे रक्तदाब वाढतो, तळहात-तळपाय सोलवटून दुखतात, जुलाब होतात, तोंड येते, चव जाते, थायरॉइड मंदावते आणि लघवीतून प्रथिने जातात. यांतले बहुतेक त्रास मात्रा कमी करून किंवा काही दिवस गोळी थांबवून आटोक्यात येतात, आणि मात्रा कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे. गोळी शरीरात किती काळ राहते तेही विचारून घ्यावे: ॲक्सिटिनिब काही तासांत उतरते, तर कॅबोझँटिनिबचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे चार दिवस लागतात. जोड-उपचारात जुलाब सुरू झाले आणि दोष गोळीचा की इम्युनोथेरपीचा ते कळेना, तेव्हा हा फरक कामी येतो, कारण गोळी थांबवूनही जुलाब कमी झाले नाहीत तर संशय दुसऱ्या औषधाकडे जातो.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम वेगळ्या स्वभावाचे आहेत. मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आतडे, यकृत, फुप्फुस, त्वचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींवर उलटते, आणि हे शेवटच्या डोसनंतर अनेक महिन्यांनीही घडू शकते. नवा खोकला, धाप, रक्तमिश्रित जुलाब, कावीळ, असह्य डोकेदुखी किंवा अचानक गळून जाणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. अशा वेळी स्टिरॉइड तातडीने द्यावे लागते. रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेला तर त्यांनाही इम्युनोथेरपीबद्दल आधी सांगावे, नाहीतर हे नेहमीचे पोटाचे दुखणे समजले जाते.

गोळी घेण्याच्या नियमांतही फरक आहेत. पॅझोपॅनिब आणि कॅबोझँटिनिब उपाशीपोटी घ्यायचे असते, ॲक्सिटिनिब जेवणासह चालते. पॅझोपॅनिब घेताना आम्लपित्ताच्या काही गोळ्या त्याचे शोषण कमी करतात. यांतल्या अनेक औषधांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य असते. कॅबोझँटिनिबच्या गोळ्या आणि कॅप्सूल एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

८. पुढच्या टप्प्याचा विचार आजच करा

पहिली जोडी निष्प्रभ ठरल्यावर काय उरते, याचे उत्तर पहिल्या निवडीत दडलेले असते. इपिलिमुमॅब-निवोलुमॅब घेतलेल्यांसाठी सगळ्या गोळ्या शिल्लक असतात. लेनव्हॅटिनिब किंवा कॅबोझँटिनिब आधीच वापरले असेल तर दुसऱ्या गोळीकडे जावे लागते. एव्हरोलिमसशी तुलनेत कॅबोझँटिनिबने जगण्याचा मध्यांक १६.५ वरून २१.४ महिन्यांवर नेला होता, म्हणून दुसऱ्या टप्प्यात त्याचे नाव वारंवार येते.

इम्युनोथेरपी चालू असताना आजार वाढल्यावर तीच पद्धत पुन्हा द्यावी, असा आग्रह कुटुंबीयांकडून अनेकदा होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना कॅबोझँटिनिबबरोबर ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देऊन काही फायदा झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. बेल्झुटिफॅन सुचवले गेल्यास रक्तक्षय आणि रक्तातील प्राणवायू कमी होणे यांवर लक्ष ठेवावे लागते. ते गर्भाला अपायकारक आहे आणि काही हार्मोनयुक्त गर्भनिरोधके त्याच्यामुळे निष्प्रभ होऊ शकतात.

९. भेटीला जाताना हे प्रश्न लिहून न्या

- आमच्या रुग्णाचा पेशीप्रकार आणि जोखीम-गट कोणता, आणि तो कोणत्या तारखेच्या तपासण्यांवरून काढला आहे?
- तुम्ही सुचवलेली जोडी निवडण्याचे मुख्य कारण गाठ लवकर लहान करणे हे आहे, की दीर्घकाळ टिकणारा परिणाम?
- आमच्यासारख्या रुग्णांचा त्या चाचणीत समावेश होता का? वय, मूत्रपिंडाचे कार्य किंवा मेंदूतील गाठ यांमुळे असे रुग्ण वगळले तर नव्हते ना?
- पहिला स्कॅन कधी होईल, आणि त्यात काय दिसले तर औषध बदलाल?
- रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्रास झाला तर कोणाशी बोलायचे?
- रक्तदाब किती झाला की गोळी थांबवायची, आणि ती आम्ही स्वतः थांबवायची की विचारून?
- परिणाम चांगला राहिला तर उपचार किती काळ चालतील? पेम्ब्रोलिझुमॅब साधारणपणे दोन वर्षांपर्यंत देतात. सोबतची गोळी त्यानंतरही चालू ठेवायची का?
- आमच्यासाठी खुली असलेली एखादी औषध-चाचणी आहे का? उपचार एकदा सुरू झाले की पहिल्याच उपचारासाठी असलेल्या चाचण्यांत सहसा प्रवेश मिळत नाही, म्हणून हा प्रश्न पहिला डोस देण्यापूर्वीच विचारावा.